ओरल मोटर साधने

ओठ, जीभ, गाल व हिरड्यांना ठरावीक स्पर्श देण्यासाठी आणि चावण्याचा सराव करून घेण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ व ऑक्युपेशनल थेरपिस्ट वापरतात ती छोटी साधने. बहुतेकांच्या अंगावर फुगवटे, खाचा किंवा मऊ काटे असतात. नक ब्रश हा रबरी बोंडांचा ब्रश मुळात बाळांच्या हिरड्या चोळण्यासाठीचा. च्युई ट्यूब ही चावायची पोकळ नळी असून तिची जाडी व पृष्ठभाग रंगागणिक बदलतो. ग्रॅबर या चावण्याच्या साधनाला धरायला कडी असते, तर झी-व्हाइब ही कांडी बॅटरीवर थरथरते आणि तिची टोके बदलता येतात.

तीन-चार महिन्यांचे बाळ मूठ, दुपट्याचे टोक, खुळखुळा असे हाताला लागेल ते तोंडात घालते. घरच्यांना ती खोड वाटते, पण तोंडाचे पहिले शिक्षण तेच. सुरुवातीला जिभेच्या पुढच्या-मधल्या भागाला काही लागले तरी बाळाला ओकारी येते. अशा चोखण्या-चघळण्यातून ओकारी आणणारी ती जागा हळूहळू मागे सरकते. अपुऱ्या दिवसांची, नाकातल्या नळीने दूध घेतलेली किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेली मुले हा टप्पा पुष्कळदा चुकवतात. मग कोणाला भाताचे शीत जिभेला लागताच उमळून येते. कोणाला तोंडात काय आहे याची जाणीवच कमी, म्हणून घास गालात धरून ठेवला जातो आणि लाळ गळत राहते. डाऊन सिंड्रोम व स्वमग्नता असलेल्या मुलांतही यातले एक ना एक चित्र दिसते.

साधन थेट तोंडात सारत नाहीत. आधी ते मुलाच्या हातात देतात, मग गालाला, ओठांना लावतात आणि मुलाने तोंड उघडले तरच आत नेतात. हिरडीवर, गालाच्या आतून आणि मुख्यतः जिभेच्या कडेला स्पर्श देतात. कडेला लागले की जीभ त्या बाजूला वळते. ही हालचाल नवजात बाळात प्रतिक्षिप्त असते, पुढे घास दाढेखाली ढकलण्यासाठी तीच ऐच्छिक व्हावी लागते. म्हणूनच चावण्याची नळी पुढच्या दातांत न देता दाढांच्या जागी ठेवतात. नळी जमली की तिला दही किंवा मऊ वरण लावतात, नंतर तिच्या जागी उकडलेल्या बटाट्याची लांबट फोड येते. खाणे आलेच नाही, तर नुसत्या रबर चावण्याला अर्थ उरत नाही. आपल्याकडे सोपा समजला जाणारा पातळ वरण-भात अशा मुलांना उलट अवघड जातो: पातळ आणि दाणेदार दोन्ही एकदम सांभाळावे लागते.

तोंडाला असा स्पर्श दिल्याने फायदा होतो का? अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत पुरावा बरा आहे. फ्युसिल, गिझेल व लाऊ या संशोधकांच्या 2002 मधील अभ्यासात 12 मिनिटे गाल, ओठ, हिरड्या व जीभ चोळून 3 मिनिटे चोखणी दिली जाई. ती बाळे लवकर तोंडाने दूध पिऊ लागली. अर्थात तिथे बोटाने चोळले होते, फुगवट्यांच्या साधनाने नव्हे, हे विक्रेते सांगत नाहीत.

या साधनांनी व तोंडाच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात हा दावा मात्र कच्चा आहे. लॉफ व वॉटसन यांच्या 2008 च्या पाहणीत अमेरिकेतील सुमारे 85 टक्के वाचा-उपचारतज्ज्ञ फुंकणे, चावणे, जीभ हलवणे असे विनाबोलीचे व्यायाम देत असल्याचे दिसले. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात अशा व्यायामांवरचे अवघे 3 अभ्यास निकषांत बसले आणि ठोस लाभ सिद्ध झाला नाही. कारण शरीरक्रियेतच आहे. बोलायला ओठांच्या कमाल ताकदीचा लहानसा हिस्साच पुरतो, आणि चावताना व बोलताना त्याच स्नायूंचा मेळ वेगवेगळा असतो. ‘क’ शिकायचा तर ‘क’ म्हणावाच लागतो. फार तर जीभ कुठे टेकवायची ते स्पर्शाने दाखवायला साधन कामी येते. लगेच ध्वनी काढून घ्यावा.

भारतात वाचा-उपचाराचे पदवी शिक्षण 1960 च्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय व म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था येथे सुरू झाले. आता ही साधने पालक ऑनलाइनही मागवतात. पण खाताना ठसका लागणे, आवाज ओलसर (घशात पाणी साचल्यासारखा) होणे किंवा वारंवार छातीत कफ होणे अशी लक्षणे असतील, तर आधी गिळण्याची तपासणी हवी. मुलाला साधनासह एकटे सोडू नये. चीर दिसली किंवा फुगवटा सुटू लागला की ते फेकून द्यावे.