किशोरी गटांची पार्श्वभूमी: मुलींना कोणी, केव्हा विचारले?

अकरा ते अठरा वर्षांच्या मुलींचे गट आज महाराष्ट्रात अंगणवाडीत, समाजमंदिरात किंवा एखाद्या कार्यकर्तीच्या घरी भरतात. शाळा सुटलेली, मजुरीला जाणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी किंवा घरात जिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत अशी मुलगी तिथे येते. आरोग्य, कायदा, हिशेब, सरकारी कार्यालयातले अर्ज यांविषयी शिकते आणि आपल्यातूनच गटाची प्रमुख निवडते. या साध्या दिसणाऱ्या रचनेमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. मुलीचे वय, तिची इयत्ता आणि तिचे वजन मोजण्याच्या व्यवस्था त्यात एकामागून एक उभ्या राहिल्या. तिचे स्वतःचे म्हणणे विचारण्याची सोय मात्र सर्वांत शेवटी झाली.

वास्तविक सुरुवात याच्या नेमकी उलट होती. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढील काही वर्षांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील किशोरवयीन मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्यात थेट विचारला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे हाल मांडले आणि आपल्या लोकांना ज्ञान घेण्याचे आवाहन केले. शिक्षण मिळालेली वंचित मुलगी केवळ स्वतःपुरती वाचू-लिहू लागत नाही, ती आपल्या समाजाच्या वतीने बोलू लागते, याचा महाराष्ट्रातला इतका जुना आणि इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच असेल. तरीही पुढच्या सुधारणांच्या इतिहासात अशा मुलीच्या आवाजाला ही जागा बराच काळ मिळाली नाही.

त्यानंतरच्या काही दशकांत चर्चेचा सारा रोख लग्नाच्या वयाकडे वळला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, त्यावरून १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खटला सुरू झाला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा निकाल लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधासाठीची दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. पुढे ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. सध्याचा बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. हे सारे आवश्यक होते यात शंका नाही. परंतु या वादांत बोलणारे बहुतेक जण कायदेमंडळातले आणि वर्तमानपत्रांतले पुरुष होते, आणि लग्न लांबले तर मधल्या वर्षांत मुलीने काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडे नव्हते.

ते उत्तर काही प्रमाणात संस्थांनी दिले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले, महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केले. मात्र या संस्थांत येण्यासाठी मुलीला आपले घर आणि गाव मागे ठेवावे लागे, आणि पहिल्या काळात तिथे पोहोचलेल्यांत उच्चवर्णीय घरांतील मुली व विधवा अधिक होत्या. वस्तीतच राहून शिक्षण उभे करण्याचा वारसा अधिक करून दलित स्त्रियांच्या चळवळीत सापडतो. एकेकाळी हमाली केलेल्या जाईबाई चौधरी यांनी नागपुरात चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली. नागपूरलाच जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा निर्माण करा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे हजारो स्त्रियांसमोर सांगितले. शिक्षण, लग्नाचे वय आणि सार्वजनिक जीवनातला सहभाग हे तीन विषय तिथे एकत्र मांडले गेले. आजच्या किशोरी कार्यक्रमांच्या पार्श्वभूमीत या परिषदेचा उल्लेख अभावानेच येतो. माझ्या मते ती मोठीच त्रुटी आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनाच्या योजनांत किशोरवयीन मुलगी दीर्घकाळ दिसतच नव्हती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांचा प्राधान्याने विचार होता. शाळा सोडलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी या यादीतून एकदा बाहेर पडली की गरोदर होईपर्यंत पुन्हा आत येत नसे. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे बालिका दशक जाहीर केले, त्याच सुमारास, १९९१-९२ मध्ये, भारतात अंगणवाडीशी जोडलेली किशोरवयीन मुलींची योजना आली आणि २००० मध्ये तिचे किशोरी शक्ती योजनेत रूपांतर झाले. मुलीचा समावेश झाला खरा, पण तिचा विचार बराचसा उद्याची माता म्हणूनच होत राहिला. रक्तक्षय कमी करणे हे त्यातले मोठे उद्दिष्ट होते, आणि ते योग्यही होते; तिला निर्णय घेता यावेत हे उद्दिष्ट कागदावर असले तरी त्यासाठी वेळ आणि माणसे अपुरी होती.

दुसरी दिशा १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघाली. त्यातून उभ्या राहिलेल्या महिला समाख्या कार्यक्रमाने गावातील गरीब स्त्रियांचे संघ बांधले आणि शाळेबाहेरच्या मुलींसाठी निवासी शिक्षण केंद्रे चालवली. महाराष्ट्र या कार्यक्रमात नव्हता. इथे हे काम स्वयंसेवी संस्थांनी केले, आणि त्यातला मराठवाड्यातील पाचोडचा अनुभव विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तिथल्या आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी, विशेषतः शाळेबाहेरच्या आणि काम करणाऱ्या मुलींसाठी, वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला. वर्ग संध्याकाळी तासभर भरत, म्हणजे शेतातले काम बुडत नसे. शिकवणाऱ्या स्त्रिया गावातल्याच असल्याने पालकांचा विश्वास बसे, आणि वर्ग सुरू करण्यापूर्वी पालकांशी बोलणे झालेले असे. ज्या भागात हे वर्ग चालले तिथे मुलींचे लग्नाचे मध्यक वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्ने झालेली असतात ते वय, सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष हा फरक आकड्यात लहान वाटतो, पण त्या वयात एका वर्षाने दहावीची परीक्षा आणि पहिले बाळंतपण यांचा क्रम बदलू शकतो.

अशा प्रयोगांतून पुढे आलेल्या अनेक गोष्टी २०१० मध्ये केंद्र सरकारच्या ‘सबला’ योजनेत दिसल्या. सुरुवातीला देशातील २०० जिल्ह्यांत ती लागू झाली आणि तिने किशोरी समूहाला अधिकृत रूप दिले: पंधरा ते पंचवीस मुलींचा समूह, त्यातून निवडलेली एक सखी, तिला साथ देणाऱ्या दोन सहेली, आणि प्रमुखपद ठरावीक काळाने फिरते. फिरत्या पदाची ही तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एरवी घरची परिस्थिती बरी असलेली, शाळेत जाणारी आणि धीटपणे बोलणारी मुलगीच कायमची पुढारी होते, आणि ज्या मुलीसाठी गट काढला ती मागच्या ओळीत बसून राहते. आपली पाळी येणार हे ठाऊक असले की हजेरी घेणे, बैठक चालवणे, आरोग्य केंद्रात जाऊन प्रश्न विचारणे या गोष्टी तिला शिकाव्याच लागतात. ज्या गावांत हे नीट राबवले गेले नाही तिथे सखी म्हणजे अंगणवाडी सेविकेची बिनपगारी मदतनीस, एवढेच उरले.

२०१७-१८ पासून या योजनेचा विस्तार सर्व जिल्ह्यांकडे होऊ लागला, तेव्हा लाभार्थी मात्र शाळेबाहेरच्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलींपुरते मर्यादित झाले. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षणही चौदाव्या वर्षी संपते, आणि लग्नाचा दबाव तर त्यानंतरच वाढतो. पुढे केंद्राच्या पोषण २.० या कार्यक्रमात चौदा ते अठरा हा वयोगट आला, पण तो आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून निवडलेले, जिल्हे आणि ईशान्येकडील राज्यांपुरता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.९ टक्क्यांवर आले. घट आहे, पण ती सर्वत्र सारखी नाही. बीडसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आहे, आणि त्याचे एक मोठे कारण ऊसतोडीत आहे. तोडीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते. आईवडील सहा महिने बाहेर असताना वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची भीती असते. म्हणून लग्न लवकर उरकले जाते. हंगामाबरोबर गटही फुटतो, कारण त्यातल्या मुली फडावर गेलेल्या असतात. कायम वस्ती असलेल्या गावाला धरून आखलेली गटाची रचना या मुलींपर्यंत पोहोचवायची, तर हंगामी वसतिगृह आणि फडावरचा गट यांची जोड तिला द्यावी लागेल, आणि बैठक कोणत्या वेळी व कुठे भरावी हे ठरवताना आधी त्या मुलींनाच विचारावे लागेल.