सार्वजनिक जमिनीवरील सौर व पवन ऊर्जेचे नियमन, गोवा

सरकारी, वन आणि सामाईक जमिनींवर सौर वा पवन ऊर्जेचे प्रकल्प कोठे, कोणत्या अटींवर व कोणाच्या संमतीने उभे राहावेत, हे ठरवणारी कायदे व परवानग्यांची व्यवस्था. ३,७०२ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या गोव्यात हा प्रश्न मुख्यत्वे सौर ऊर्जेचा आहे. गुजरात वा तमिळनाडूच्या तुलनेत येथील वारा क्षीण आहे. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला साधारणतः चार ते पाच एकर मोकळी जमीन लागते, आणि तीच गोव्यात दुर्मीळ आहे.

कोमुनिदादींच्या जमिनी सार्वजनिक वाटल्या तरी त्या सरकारी मालकीच्या नाहीत. गावकऱ्यांच्या या प्राचीन संस्थांना १९६१ ची कोमुनिदाद संहिता लागू असून सरकारचा अधिकार देखरेखीचा आहे; म्हणून महसूल खात्याच्या पडीक जमिनीचा न्याय त्यांना लावता येत नाही. वनजमिनीसाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता लागते. शेतजमिनीच्या रूपांतराला १९६८ च्या भू-महसूल संहितेनुसार सनद, म्हणजे अधिकृत परवाना, घ्यावी लागते, तर खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींत, विकासकामांना २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मनाई केली. विजेची बाजू २००३ च्या वीज कायद्याखाली गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग पाहतो. गोवा ऊर्जा विकास संस्था ही राज्याची समन्वय यंत्रणा आहे.

या व्यवस्थेतील गंभीर उणीव अशी की, २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत सौर व पवन प्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे खाणीसाठी जी जनसुनावणी घ्यावी लागते, ती शेकडो एकरांवरील सौर प्रकल्पासाठी त्या अधिसूचनेखाली बंधनकारक ठरत नाही. याचा सर्वाधिक धोका जांभ्या दगडाच्या सड्यांना, म्हणजे सपाट माथ्याच्या पठारांना, आहे. उन्हाळ्यात करपलेला, काळवंडलेला सडा कागदोपत्री ‘पडीक’ ठरतो. पण पावसाळ्यात त्याच्या उथळ खळग्यांत सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, गुरे चरतात, आणि सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. अशी जमीन निवडण्यापूर्वी तिची पावसाळ्यात पाहणी झालीच पाहिजे. केवळ मे महिन्यातील पंचनाम्यावर विसंबणे हा अन्याय आहे.

वीजवाहिन्यांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. छत्तीसगडमधील तमनारशी जोडलेल्या पारेषण (वीज वाहून नेण्याच्या) प्रकल्पासाठी गोव्यातील मोले परिसरात होणाऱ्या जंगलतोडीवरून मोठे आंदोलन उभे राहिले. तो प्रकल्प सौर ऊर्जेचा नव्हे, तरी वाहिनीचा मार्ग किती जमीन व जंगल व्यापतो हे त्यातून गोमंतकीयांना उमगले. सरकारी इमारतींच्या छतांवरील पॅनेल्सना असा नवा मार्ग सहसा लागत नाही, त्यामुळे जमीन मागण्याआधी ती छते वापरात आणणे रास्त ठरते. बंद खाणींच्या जागाही सुचवल्या जातात. तेथे मात्र मातीच्या ढिगाऱ्यांचे उतार स्थिर आहेत का, याची आधी तपासणी हवी.