फिजिओथेरपीची क्लिनिकल पोस्टिंग

फिजिओथेरपीच्या म्हणजेच भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याने ठरावीक आठवडे एका विभागात राहून, अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णांवर काम शिकणे, याला क्लिनिकल पोस्टिंग म्हणतात. ऑर्थो (हाडे-सांधे), न्यूरो (मेंदू व नसा), छातीचे आजार व आयसीयू, लहान मुले, कम्युनिटी (रुग्णालयाबाहेर, लोकांमध्ये जाऊन) अशा पोस्टिंगा आळीपाळीने लागतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीटीएच हा फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षे आणि वर सहा महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप असा चालत आला. २०२१ च्या कायद्याने आलेल्या, फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची आहे, आणि हे योग्यच झाले. भारतात हे शिक्षण १९५० च्या दशकात, पोलिओच्या काळात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. म्हणजे वर्ग आणि वॉर्ड पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत.

कोल्हापुरात शिकणाऱ्याला रुग्णांचा तुटवडा नाही. टाऊन हॉलजवळच्या सीपीआर रुग्णालयात किंवा कसबा बावड्याकडच्या मोठ्या दवाखान्यात जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडूनही माणसे येतात. तालमीतला पैलवान निखळलेला खांदा घेऊन येतो, शाहू स्टेडियमवर खेळणारा पोरगा गुडघ्याचे लिगामेंट घेऊन. गाळप हंगामात डोक्यावर मोळ्या वाहून मान आणि कंबर धरलेले ऊसतोड मजूर असतात, इचलकरंजीचे दिवसभर मागावर उभे राहणारे कामगार असतात. पुस्तकात गुडघा किती अंशांत वाकायला हवा हे सापडते. म्हशीची धार काढायला उकिडवे बसता आले पाहिजे, हे मात्र रुग्णच सांगतो. उपचाराचे ध्येय त्याच्या शब्दांत लिहायला लावणे हे सुपरवायझरचे पहिले काम, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

देखरेख म्हणजे नुसते जवळ उभे राहणे नव्हे. गोठलेल्या खांद्याची एक बाई घ्या, वेणी घालता येत नाही म्हणून आलेली. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचे साधन, लावते, हात बाजूने वर न्यायला सांगते आणि शंभर अंश लिहिते. मॅडम काही बोलत नाहीत. विद्यार्थिनीचा तळवा धरून तो बाईच्या खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, ठेवतात, वरून आपला हात दाबतात आणि म्हणतात, “आता पुन्हा.” खवाटा वर चढायचा थांबतो आणि मोजमाप साठाच्या आसपास अडते. उरलेली हालचाल सांध्याची नव्हतीच. हा फरक त्या मुलीला आता जन्मभर हाताने कळेल. मग मॅडम विचारतात, “साखर तपासलीय का यांची?” मधुमेहात असा खांदा जास्त आढळतो, आणि मधुमेहात त्वचेची जाणीवही कमी झालेली असू शकते. म्हणून शेक देण्याआधी रुग्णाचे डोळे मिटवून गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावून बघायच्या. हे टाळले तर भाजते, आणि रुग्णाला कळतही नाही.

मोकळीक पायरीपायरीने मिळते. आधी बघायचे, मग सरांच्या हाताखाली करायचे, मग सर खोलीत असताना, शेवटी एकट्याने करून येऊन सांगायचे. पण ही शिडी प्रत्येक पोस्टिंगला पहिल्या पायरीपासून चढावी लागते. ऑर्थोमध्ये तरबेज झालेला अंतिम वर्षाचा मुलगा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाशेजारी नवखाच असतो. तिथे ऑक्सिजनचा आकडा घसरला की हात थांबवून आधी कोणाला हाक मारायची, हे त्याला त्याच दिवशी सांगितलेले असावे लागते. रुग्णालाही सुरुवातीलाच सांगावे की हा विद्यार्थी आहे. “शिकाऊ हाय व्हय?” असे कोणी विचारलेच तर खरे उत्तर द्यायचे, आणि नको म्हणाल्यास मागे व्हायचे.

जिथे बिघडते तिथे बहुधा एकाच तऱ्हेने. विद्यार्थ्याला मशीनवर बसवतात: आयएफटी (दुखऱ्या जागी सौम्य वीजप्रवाह देणारे यंत्र) लाव, वेळ झाली की काढ, पुढचा घे. तपासणी नाही, केस प्रेझेंटेशन नाही, आणि लॉगबुकवर सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम. अशा मुलाचे तास भरतात, पण हात तयार होत नाही. फुकटचा कामगार मिळाला म्हणून खूश होणाऱ्या विभागाने विद्यार्थी घेऊच नयेत.

कम्युनिटी पोस्टिंगला विद्यार्थी दुय्यम मानतात, ते दुखते. नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअर वापरतात; त्यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी राहिली. अशा ठिकाणी उतरणीचा कोन, दाराची रुंदी, संडासातला दांडा हाच उपचार असतो.

पोस्टिंग बदलायचा दिवस रुग्णासाठी अवघड. अर्धांगवायूचे आजोबा एका मुलाच्या आवाजावर पाऊल टाकायला शिकलेले असतात. चांगला सुपरवायझर त्या दिवशी जुन्या आणि नव्या दोघांना खाटेशी नेतो, कुठल्या पायाकडे उभे राहायचे ते नव्याला दाखवायला जुन्याला सांगतो आणि कमरेचा पट्टा त्याच्या हातातून नव्याच्या हातात देतो.