कास्पारोव विरुद्ध कॉम्प्युटर: १९९७ला नेमकं काय ठरलं होतं?

बुद्धिबळाचे जगज्जेते फिशर किंवा कास्पारोव ऐन भरात असताना आजच्या इंजिनासमोर, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामसमोर, बसले असते तर, हा वाद दर काही दिवसांनी निघतोच. उत्तर साधं आहे, हरले असते आणि वाईट हरले असते. पण गाडी इथवर आली कशी ते बघण्यासारखं आहे, कारण सगळेजण कास्पारोव मशीनकडून मॅच हरला त्या १९९७ वर बोट ठेवतात आणि माझ्या मते गडबड तिथेच होते.

आधी थोडं मागे. १९६८मध्ये डेव्हिड लेव्ही या बुद्धिबळपटूने पैज लावली की पुढची दहा वर्षं कुठलाही कॉम्प्युटर मला मॅचमध्ये हरवू शकणार नाही, आणि १९७८ला तो जिंकला पण, फक्त एक डाव मात्र मशीनने खाल्ला. १९८९ला कास्पारोवने डीप थॉट या कॉम्प्युटरला २-० असं सहज लोळवलं. मग १९९४ला लंडनच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत साध्या पीसीवर चालणाऱ्या चेस जीनियस या प्रोग्रामने त्याच कास्पारोवला बाहेर काढलं, आणि त्या प्रोग्रामला पुढच्या फेऱ्यांत थांबवलं कोणी, तर आपल्या विश्वनाथन आनंदने! हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं.

१९९६ला फिलाडेल्फियात आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने पहिलाच डाव मारला, तरी मॅच कास्पारोवने ४-२ने घेतली. पुढच्या वर्षी, १९९७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला परत गाठ पडली. पहिला डाव कास्पारोवचा. दुसऱ्यात मशीन इतकं शांत, माणसासारखं खेळलं की हा हादरला आणि त्याने डाव सोडून दिला, नंतर विश्लेषण करणाऱ्यांनी दाखवलं की तिथे सतत शह देत राहून बरोबरीची संधी होती. ही गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच, मशीनमागे माणूस आहे असा संशय त्याने उघड बोलून दाखवला. सहाव्या डावात ओपनिंगमध्येच चूक केली, समोरून घोड्याचा बळी आला आणि १९ चालींत खेळ खल्लास. मॅच ३.५-२.५. कास्पारोवने परत मॅच मागितली पण आयबीएमने दिली नाही, डीप ब्लूला निवृत्तच करून टाकलं.

आता सांगा, एका डावात घाबरून हार मानलेली, आणि शेवटी एका गुणाच्या फरकाने गेलेली मॅच, यावरून मशीन श्रेष्ठ ठरलं का? मला नाही वाटत. २००२ला बहरीनमध्ये रशियाच्या क्रामनिकने डीप फ्रिट्झ या प्रोग्रामशी ४-४ बरोबरी केली, २००३ला कास्पारोवने डीप ज्युनियर या दुसऱ्या प्रोग्रामशी ३-३. म्हणजे सामना अजून बरोबरीचाच चालला होता.

खरा निकाल लागला तो २००५-०६ला. हायड्रा या मशीनने लंडनमध्ये इंग्लंडच्या ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्सला ५.५-०.५ असं धुतलं. मग बॉनमध्ये जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ने हरला, त्यात एका डावात तर एका चालीतली मात त्याला दिसलीच नाही, जगज्जेत्याला! पण खरी गंमत हार्डवेअरमध्ये आहे. डीप ब्लू खास चिप्स लावून सेकंदाला साधारण २० कोटी पोझिशन्स तपासायचं, फ्रिट्झ साध्या इंटेल प्रोसेसरवर ८० लाखांच्या आसपास. म्हणजे मोजणी कितीतरी कमी, पण काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं ही अक्कल जास्त. २००९ला तर मोबाइलवरच्या पॉकेट फ्रिट्झने ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत १० पैकी ९.५ गुण केले.

आज नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) २८८२ आणि इंजिनांचं ३५००च्या वर (ते त्यांनी आपापसात खेळून मिळवलंय, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका). तरी ६००-६५०चा फरक धरला तर १०० डावांत माणसाच्या वाट्याला दोन-तीन गुण येतील. म्हणूनच बरोबरीने खेळायचं सोडून आता सवलत देऊन खेळवतात. २०१६ला कोमोडो या इंजिनाने अमेरिकेच्या ग्रँडमास्टर नाकामुराला दर डावाला वेगळी सवलत दिली, कधी प्यादं, कधी चार चाली आधीच खेळून ठेवायची मुभा. पहिले तीन डाव बरोबरीत सुटले, चौथा कोमोडोने जिंकला.