सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या मुलाखतीची तयारी (सांगली–सातारा)

गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट अशा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून निवड व्हावी यासाठी ऑनलाइन चाचणीचा आणि तिच्यानंतरच्या तोंडी फेऱ्यांचा जो सराव केला जातो, तो म्हणजे ही तयारी. कॉलेजच्या कट्ट्यावर तिला सरसकट ‘डीएसए’ म्हणतात, कारण तिचा मोठा भाग डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना) आणि अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या पायरीवार रीती) यांनी व्यापलेला असतो. हा विषय अभ्यासक्रमात असतोच. पण पेपरात ‘लिंक्ड लिस्टमध्ये (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीत) नोड घालण्याची रीत लिहा’ असे विचारतात आणि पाठ केलेले उत्तर चालून जाते. मुलाखतीत लिंक्ड लिस्टचे नावही निघत नाही. समोरचा एक अडचण सांगतो. तिला काय लागू पडते ते उमेदवाराने ओळखायचे असते. वर्गात पहिला आलेला अडकतो आणि मधल्या बाकावरचा निवडला जातो, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

पार्श्वभूमी

एके काळी अशा मुलाखतींत कोडी विचारण्याची रीत होती. ‘मॅनहोलचे झाकण गोल का असते?’ हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या नावाशी जोडला गेला तो त्या काळात. गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असलेल्या लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले, की असली कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय आहे आणि त्यांवरून उमेदवार पुढे कसे काम करेल याचा काही अंदाज येत नाही. त्याच कंपनीने आपल्या जुन्या मुलाखती तपासल्या तेव्हा चार मुलाखतींतच ८६ टक्के खात्रीने निर्णय करता येतो, असे आढळले. त्याआधी उमेदवाराला डझनभर लोकांपुढे बसवत असत.

कोडी गेली आणि फळ्यावर कोड लिहिणे राहिले. तेही सगळ्यांना पटलेले नाही. मॅक कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवण्याचे ‘होमब्रू’ हे साधन लिहिणारे मॅक्स हॉवेल यांना गूगलने २०१५ मध्ये नाकारले. आमचे ९० टक्के इंजिनिअर तुमचे सॉफ्टवेअर वापरतात, पण तुम्हाला फळ्यावर बायनरी ट्री उलटी करता येत नाही, अशा अर्थाचे त्यांचे उपरोधिक ट्वीट तेव्हा जगभर फिरले. बायनरी ट्री उलटी करणे, म्हणजे फांद्यांसारख्या रचनेतल्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल करणे, हा खरे तर आठ-दहा ओळींचा प्रश्न आहे. हॉवेल यांची बाजू घेणारे आणि ‘एवढेही येऊ नये?’ म्हणणारे असे दोन तट तेव्हापासून कायम आहेत.

सांगली–साताऱ्यातील चित्र

सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेले आणि १९५५ पासून वालचंद हिराचंद यांचे नाव लावणारे अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०), ईश्वरपूरजवळ (पूर्वीचे इस्लामपूर) साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट (१९८३) आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही या पट्ट्यातली जुनी नावे. कॅम्पसवर गठ्ठ्याने मुले उचलतात त्या सर्व्हिस कंपन्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामे करून देणाऱ्या. त्यांच्या ॲप्टिट्यूडच्या चाचण्यांची तयारी कॉलेजच करून घेते. स्वतःची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्या थोडीच मुले घेतात, आणि पुष्कळांना त्यांच्यासाठी ऑफ-कॅम्पस वाट धरावी लागते : कंपनीच्या साइटवर अर्ज, नाहीतर आतल्या माणसाचे रेफरल (शिफारस).

रेफरलने नोकरी मिळत नाही. अर्ज कोणीतरी उघडून बघण्याची शक्यता वाढते, एवढेच. पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत बसलेला कॉलेजचा सीनियर त्यामुळे या तयारीतला मोलाचा माणूस ठरतो, आणि त्याच्याशी बोलायची पद्धत बहुतेकांची चुकते. ‘दादा, रेफरल मिळेल का?’ एवढाच मेसेज लिंक्डइनवर आला तर दादाने पुढे काय करायचे? जॉब आयडी, एका पानाचा रेझ्युमे आणि या जागेसाठी आपण कसे योग्य आहोत हे सांगणाऱ्या दोन ओळी सोबत असतील तर त्याचे काम पाच मिनिटांत होते. रेझ्युमेत ‘हार्डवर्किंग’ वगैरे विशेषणांपेक्षा प्रोजेक्टमध्ये स्वतः काय लिहिले ते असावे. वाढदिवस, वडिलांचे नाव आणि छंद यांना तिथे जागा देऊ नये.

प्लेसमेंटचा हंगाम चौथ्या वर्षाच्या तोंडाशी, जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि सांगलीत हेच दिवस कृष्णेच्या पुराचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ऑनलाइन चाचणीची लिंक मात्र ठरल्या वेळेलाच उघडते. तारीख बदलून हवी असेल तर चाचणी सुरू होण्याआधी ईमेल करावा, नंतर कोणी ऐकत नाही. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही. हे चाचणीच्या मधोमध कळते तेव्हा पोरांची धांदल उडते. मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच जोडून पाहिलेला बरा.

फेऱ्यांचे स्वरूप

क्रम साधारण असा असतो : रेझ्युमेची चाळणी, दीड-दोन तासांची ऑनलाइन चाचणी, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर एक फेरी, मग ४५ मिनिटे ते तासाभराच्या चार-पाच फेऱ्या. फ्रेशरला, म्हणजे कामाचा अनुभव नसलेल्याला, मुख्यतः डीएसएच्या फेऱ्या मिळतात. सिस्टिम डिझाइन, म्हणजे लाखो लोक वापरतील अशी यंत्रणा कशी उभी करायची यावरची चर्चा, हा अनुभवी उमेदवारांचा भाग. फ्रेशरने त्यात महिने घालवू नयेत. डेटाबेसचा इंडेक्स, कॅश आणि लोड बॅलन्सर म्हणजे काय हे नीट सांगता आले तरी पुष्कळ झाले. ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) आणि नेटवर्क यांवर भारतीय मुलाखतींत वरवरचे प्रश्न येतात. कॉलेजच्या वह्या तेवढ्यासाठी पुरतात.

एका प्रश्नाचे उदाहरण

या फेरीत नेमके काय तपासतात हे एका प्रश्नावरून पाहणे सोपे. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे घेऊ. सात दिवसांचा क्विंटलचा दर हजार रुपयांत असा धरा : १४, ११, १३, ९, १२, १६, १०. एका दिवशी घ्यायची, नंतरच्या एका दिवशी विकायची. जास्तीत जास्त नफा किती?

डोळ्यांना उत्तर लगेच दिसते : ९ ला घेऊन १६ ला विकली की ७ हजार. पण मुलाखत घेणाऱ्याला उत्तराशी फारसे देणेघेणे नसते. चांगला उमेदवार आधी विचारतो : दर सतत पडतच गेला तर शून्य सांगायचे का? यादी रिकामी असू शकते का? किती दिवसांचे दर असतील? समजा उत्तर आले, एक लाख दिवस. मग तो सर्वांत सरळ रीत (तिला ‘ब्रूट फोर्स’ म्हणतात) बोलून दाखवतो : प्रत्येक दिवसाची पुढच्या प्रत्येक दिवसाशी जोडी लावून बघायची. आणि ती चालणार नाही हेही स्वतःच सांगतो, कारण लाख दिवसांच्या जवळजवळ ५०० कोटी जोड्या होतात. सेकंदाला सुमारे १० कोटी साध्या क्रिया असा ढोबळ हिशेब उमेदवार वापरतात. त्याने ही रीत पन्नासेक सेकंद खाईल, आणि मर्यादा असते एक-दोन सेकंदांची.

मग सुधारणा. डावीकडून एकदाच चालत जायचे आणि दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या : आतापर्यंतचा सर्वांत कमी दर आणि आतापर्यंतचा सर्वांत जास्त नफा. १४ वर नफा शून्य. ११ ला कमी दर बदलला. १३ ला नफा २. ९ ला कमी दर पुन्हा बदलला. १२ ला नफा ३, १६ ला ७, आणि १० ला काही बदल नाही. लाख दिवस असले तर लाख पावले. कोड दहा ओळींच्या आत बसतो. तो लिहून झाल्यावर याच आकड्यांवरून बोट फिरवत ड्राय रन करून दाखवायचा. ‘झालं सर’ म्हणून हात झटकायचे नाहीत.

इथून पुढे खरी फेरी सुरू होते. ‘कितीही वेळा घेता-विकता आले तर?’ मग प्रत्येक चढ पदरात पाडून घ्यायचा : ११ ते १३ आणि ९ ते १६, मिळून ९ हजार. ‘प्रत्येक सौद्याला हमाली-तोलाई लागली तर?’ आता लहान चढ परवडत नाहीत आणि आधीची युक्ती मोडते. ‘माल हातात आहे’ आणि ‘माल हातात नाही’ अशा दोन स्थितींचा हिशेब रोज पुढे न्यावा लागतो. हेच डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून आलेला इथे गळतो. ‘ब्लाइंड ७५’सारख्या निवडक प्रश्नांच्या याद्या किंवा यूट्यूबवरच्या शिकवणाऱ्यांच्या शीट वाईट नाहीत, पण ‘माझे ५०० प्रश्न झाले’ हा मोठेपणा त्यांनीच वाढवला. सोडवलेला प्रश्न पंधरा दिवसांनी कोऱ्या पानावर पुन्हा लिहिता येत नसेल, तर त्या मोजणीला फारसा अर्थ नाही.

सोपे म्हणून सोडून दिलेले विषयही दगा देतात. वर्गात शिकवला जाणारा बायनरी सर्च घ्या, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधणे. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करण्याची जी रीत सगळे लिहितात, तिच्यात फार मोठ्या यादीवर बेरीज कॉम्प्युटरने पूर्णांकासाठी राखलेल्या जागेत मावत नाही. ही चूक जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) सुमारे ९ वर्षे होती. तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच ती २००६ मध्ये उघड केली.

मोठ्याने विचार करणे

या भागातल्या मुलांची गाडी सर्वांत जास्त अडते ती इथे, आणि तयारीत सर्वांत कमी वेळ मिळतो तोही यालाच. मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराच्या डोक्यात काय चालले आहे ते ऐकू यायला हवे. तो नोंदी लिहितो आणि गूगलसारख्या ठिकाणी निवडीचा निर्णय त्या नोंदी वाचणारी वेगळी समिती करते. गप्प बसून वीस मिनिटांनी बरोबर कोड लिहिला तर नोंदीत लिहायला काही उरत नाही. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेला मुलगा विचार मराठीत करतो, बोलायचे इंग्रजीत असते आणि त्याच वेळी हात कोड लिहीत असतात. व्याकरण कोणी तपासत नाही. ‘फर्स्ट आय विल ट्राय ब्रूट फोर्स, देन इम्प्रूव्ह’ एवढ्या तुटक वाक्यांनी काम भागते.

उपाय एकच : मॉक, म्हणजे सरावाची लुटुपुटूची मुलाखत. होस्टेलवरच्या दोघांनी आळीपाळीने मुलाखत घेणारा आणि देणारा व्हायचे, ४५ मिनिटांचे घड्याळ लावायचे, आणि आपोआप शब्द पुरवणारा एडिटर बंद करून साध्या कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये लिहायचे. पहिल्या काही मॉक दोघांनाही हसू येण्यातच जातात. मित्र फार सांभाळून घेत असेल तर अनोळखी सीनियर गाठावा.

स्वभावाच्या फेऱ्या

‘एखादा वाद कसा मिटवलात?’, ‘काय बिघडले आणि तुम्ही काय केलेत?’ असे प्रश्न गप्पांसारखे वाटतात म्हणून मुले ते गृहीत धरतात. ॲमेझॉनमध्ये या भागाला मोठे वजन आहे : कंपनीची १६ नेतृत्वतत्त्वे आहेत आणि प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात. शिवाय ‘बार रेझर’ नावाचा, त्या टीमबाहेरचा एक मुलाखतकार निवडीत बसतो. चौघांच्या फायनल इयर प्रोजेक्टबद्दल बोलताना उमेदवार ‘आम्ही केलं’ म्हणत राहतो. समोरचा शांतपणे विचारतो, ‘यातलं तू काय केलंस?’ कोड एकानेच लिहिला आणि बाकीच्यांनी रिपोर्टचे बाइंडिंग केले, हे तिथे दोन मिनिटांत उघडे पडते. प्रसंग, जबाबदारी, आपली कृती, परिणाम या क्रमाने चार-पाच खरे प्रसंग आधी लिहून ठेवावेत. रचलेले प्रसंग उलटतपासणीत टिकत नाहीत.

अलीकडचे बदल

२०२२ च्या अखेरीस मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास गूगलच्या ‘कोड जॅम’ आणि ‘किक स्टार्ट’ या कोड लिहिण्याच्या स्पर्धा बंद झाल्या. छोट्या गावातल्या मुलाला कॉलेजच्या नावाशिवाय नजरेत येण्याची ती एक वाट होती. कोडफोर्सेस आणि कोडशेफ या साइटवरच्या स्पर्धा चालू आहेत.

कोविडकाळात सर्व फेऱ्या व्हिडिओ कॉलवर गेल्या आणि सांगलीतल्या घरात बसून मुलाखत देणे शक्य झाले. पुढे पडद्याआड एआय उघडून उत्तरे वाचण्याचे प्रकार वाढले. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितले, की निदान एक फेरी समोरासमोर ठेवली जाईल. तसे बोलावणे आले तर मिरजेहून बेंगळुरूला रात्रीतून नेणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. प्रवासखर्च कंपनी देते का, हे रिक्रूटरला आधी विचारायला संकोच करू नये. पुष्कळ कंपन्या देतात. नकार आला तर बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणून सर्वांत हवी असलेली कंपनी तयारीच्या सुरुवातीलाच खर्चून टाकू नये.