अमेरिकेतला बेकारी भत्ता : किती मिळेल याचा अंदाज

अमेरिकेत स्वतःच्या चुकीशिवाय नोकरी गेली, म्हणजे ले-ऑफ झाला, दुकान बंद पडलं, शिफ्ट कमी केल्या, तर राज्य सरकारकडून काही काळ दर आठवड्याला पैसे मिळतात, तिथले आपले लोक त्याला नुसतं 'अनएम्प्लॉयमेंट' म्हणतात. क्लेम टाकायच्या आधी आपल्याला आठवड्याला किती डॉलर पडतील आणि ते किती आठवडे चालतील याचा हिशोब मांडणं म्हणजे हा अंदाज. गणित शाळेतलंच आहे, भागाकार आणि टक्केवारी, घोळ होतो तो राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांमुळे आणि कुठल्या महिन्यांचा पगार धरायचा हे न कळल्यामुळे.

पहिला कायदा विस्कॉन्सिनने १९३२ मध्ये केला, मग मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारच्या १९३५ च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टने देशभर चौकट घालून दिली, पण भत्ता किती द्यायचा हे राज्यांवरच सोडलं आणि ते आजही तसंच आहे. पैसा येतो मालकाने भरलेल्या टॅक्समधून. केंद्राचा भाग तसा किरकोळ, दर माणसामागे वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के, त्यातली ५.४ टक्के सूट मिळाली की उरतात ४२ डॉलर, बाकी राज्याचा टॅक्स वेगळा. कामगाराच्या पगारातूनही कापतात अशी राज्यं तीनच, अलास्का, न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनवाल्यांना पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, ही कपात दिसते आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटवाल्यांना दिसत नाही. काहीही असो, हा विमा आहे, कोणी खैरात वाटत नाहीये, तेव्हा घेताना लाज वाटायचं कारण नाही.

आता बेस पिरियड, सगळी गडबड इथेच होते. लोकांना वाटतं शेवटचा पगार धरतात. नाही. वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार क्वार्टर असतात, क्लेम टाकला त्याच्या आधी पूर्ण झालेले पाच क्वार्टर घ्यायचे, त्यातला सगळ्यात ताजा सोडून द्यायचा आणि उरलेले चार म्हणजे बेस पिरियड, बहुतेक राज्यांत हेच आहे. म्हणजे मार्च २०२६ मध्ये क्लेम टाकला तर ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ चा पगार बघतील, आणि तोच क्लेम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकला तर अख्खं २०२५ साल धरतील. ज्याने २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास ओव्हरटाइम करून बरे पैसे कमावले, त्याला थोडं थांबल्याने आठवड्याचा आकडा वाढवून मिळू शकतो. पण थांबलेले आठवडे सहसा परत मिळत नाहीत, कॅलिफोर्नियात क्लेम ज्या आठवड्यात टाकला त्याच्या रविवारपासूनच सुरू होतो, त्यामुळे आठवडा-दोन आठवड्यांचा प्रश्न असेल तरच हा विचार करावा, जानेवारीत नोकरी गेली आणि एप्रिलची वाट बघत बसलात तर तोटाच. नव्याने कामाला लागलेल्यांचा नेहमीच्या बेस पिरियडमध्ये पुरेसा पगार नसेल तर बऱ्याच राज्यांत पर्यायी बेस पिरियड आहे, तिथे ताजा क्वार्टरही धरतात.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊ. तिथे बेस पिरियडमधला सगळ्यात जास्त कमाईचा क्वार्टर घ्यायचा आणि साधारण २६ ने भागायचं. समजा ताशी पगारावर दुकानात काम करणारी एक बाई आहे, चार क्वार्टरमध्ये ६,५००, ७,८००, ५,२०० आणि शून्य, अशी कमाई. ७,८०० भागिले २६ म्हणजे आठवड्याला ३०० डॉलर. एकूण किती मिळेल त्याला दोन मर्यादा आहेत, २६ आठवड्यांची रक्कम किंवा बेस पिरियडच्या एकूण पगाराचा अर्धा भाग, जे कमी असेल ते. इथे २६ गुणिले ३०० म्हणजे ७,८०० आणि १९,५०० चा अर्धा ९,७५०, तर ७,८०० मिळणार, पूर्ण २६ आठवडे. तिचीच कमाई जर ७,८००, १,३००, शून्य आणि २,६०० अशी सीझनची असती तर आठवड्याचे तेच ३०० मिळाले असते पण एकूण ५,८५० वर थांबले असते, म्हणजे साडेएकोणीस आठवडे. आणि हो, हे सगळे आकडे टॅक्स कापायच्या आधीच्या पगाराचे, हातात पडलेल्या रकमेचे नाहीत.

पण सॉफ्टवेअरमधल्या किंवा एकंदर बऱ्या पगाराच्या माणसाने हा भागाकार करायचीही गरज नाही, त्याने आधी राज्याची कमाल मर्यादा बघावी कारण बहुधा तो तिलाच जाऊन धडकतो. वर्षाला १,०४,००० डॉलर, म्हणजे क्वार्टरला २६,००० आणि आठवड्याला २,००० असा सरळ पगार धरा. कॅलिफोर्नियाच्या सूत्राने येतात १,०००, पण तिथली मर्यादा ४५० आहे आणि ती २००५ पासून हललेली नाही (सिलिकॉन व्हॅलीतलं घरभाडं बघता हा विनोदच आहे). न्यू जर्सीत सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के म्हणजे १,२०० येतात, २०२५ ची मर्यादा ८७५ होती. टेक्सासमध्ये मोठा क्वार्टर भागिले २५ म्हणजे १,०४०, पण मिळणार ६०० च्या आसपास. फ्लोरिडात २७५, बस्स. मॅसॅच्युसेट्समध्ये पगाराच्या निम्मे, म्हणजे १,०००, आणि तिथली मर्यादा हजाराच्या वर असल्याने ते पूर्ण मिळतात. वॉशिंग्टन राज्यात सगळ्यात मोठ्या दोन क्वार्टरच्या सरासरीच्या ३.८५ टक्के, म्हणजे १,००१, तेही मर्यादेत बसतात. न्यूयॉर्क बरीच वर्षं ५०४ वर अडकलं होतं, ऑक्टोबर २०२५ पासून ते ८६९ झालं. म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनवाल्याने सांगितलेला आकडा फ्लोरिडातल्या टँपावाल्याने मनावर घेऊ नये. आठवड्यांचंही तसंच, फ्लोरिडात बेकारी कमी असेल तेव्हा १२ आठवडेच मिळतात, म्हणजे एकूण ३,३०० डॉलर, आणि मॅसॅच्युसेट्सचे २६ आठवडे धरले तर त्याच पगारावर २६,०००.

राज्य कुठलं धरायचं तर जिथे काम केलं ते, राहतो ते नाही. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला ऑफिसात जाणाऱ्याचा क्लेम न्यूयॉर्कमध्ये. एकाच वर्षात दोन राज्यांत काम झालं असेल तर दोन्हीकडचा पगार एकत्र करून क्लेम टाकायची सोय आहे.

काही राज्यांत घरच्यांसाठी वाढीव रक्कम असते. न्यू जर्सीत पहिल्या अवलंबितासाठी ७ टक्के आणि पुढच्या दोघांसाठी ४-४ टक्के, पण जोडीदार नोकरीत असेल तर नाही, आणि कमाल मर्यादा तीच राहते, म्हणजे आधीच त्या मर्यादेवर असणाऱ्याला याचा काही उपयोग नाही.

मग वजावट. कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत पहिला आठवडा बिनपैशाचा जातो. मधे थोडं काम मिळालं तर भत्ता सगळा जात नाही, कॅलिफोर्नियात आठवड्याच्या कमाईतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, जे जास्त असेल ते सोडून बाकी वजा करतात, म्हणजे वरच्या बाईने एका आठवड्यात १६० कमावले तर ४० सोडून १२० कापले जातील आणि १८० मिळतील, दोन्ही मिळून ३४०. न सांगता घेतलं तर वसुली आणि दंड दोन्ही, कारण मालक पगाराची माहिती राज्याला देतच असतो. सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी जाताना कंपनी देते त्या रकमेचा, नियम प्रत्येक राज्याचा वेगळा, कॅलिफोर्नियात तो सहसा आड येत नाही, टेक्सासमध्ये त्यामुळे भत्ता पुढे ढकलला जाऊ शकतो. शिवाय हा पैसा फेडरल टॅक्सला पात्र आहे, हवा तर आधीच १० टक्के कापून घेता येतो, नाहीतर पुढच्या वर्षी किती भत्ता मिळाला हे दाखवणारा १०९९-जी फॉर्म येतो तेव्हा धक्का बसतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया राज्याचा टॅक्स मात्र लावत नाहीत.

एच-वन-बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांचा हिशोब बहुतेक वेळा इथपर्यंत पोचतच नाही. भत्त्यासाठी आज बोलावलं तर आज कामावर जाता येईल अशी स्थिती लागते, आणि एच-वन-बीचं काम करायचं परमिट त्या एका कंपनीला बांधलेलं असतं, नोकरी गेल्यावर २०१७ च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यामुळे पगार भरपूर असूनही क्लेम बहुधा नाकारला जातो. ग्रीन कार्डवाले आणि एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट असलेले यांना ही अडचण येत नाही.

क्लेम टाकल्यावर राज्याकडून पत्र येतं, त्यात क्वार्टरवार पगार, आठवड्याचा आकडा आणि एकूण रक्कम असते. पैसे मंजूर झाले असा त्याचा अर्थ नसतो, नोकरी का गेली याची चौकशी वेगळी चालते. त्या पत्रातला पगार आपल्या पे-स्टबशी ताडून बघावा, कारण एखाद्या मालकाने पगार कळवलाच नसेल किंवा सोशल सिक्युरिटी नंबर चुकला असेल तर अख्खा क्वार्टर शून्य दिसतो आणि आकडा एकदम खाली येतो. अशा वेळी पत्रावर दिलेल्या मुदतीत पे-स्टब किंवा डब्ल्यू-टू (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म) जोडून दुरुस्ती मागता येते.