प्रिल आणि सार्टन: बीपीच्या दोन गोळ्यांतला फरक

इंदुरातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर तासभर उभं राहा, बीपीच्या गोळ्यांबद्दल एक प्रश्न हमखास कानावर येतो. "रामिप्रिल नसेल तर टेल्मिसार्टन द्या ना, दोन्ही एकच आहेत ना?" मी फार्मासिस्ट आहे, आणि या प्रश्नाला "हो" म्हणून पत्ता हातात ठेवणं मला जमत नाही. दोन्ही गोळ्या शरीरातल्या एकाच साखळीवर काम करतात, इतपत विचारणाऱ्याचं बरोबर आहे. पण त्या साखळीत त्या वेगवेगळ्या जागी हात घालतात. कोरडा खोकला, ओठांवरची सूज, दोन्ही एकत्र न देण्याचा नियम, हे सगळं समजतं ते ही जागा कळली की.

साखळी सुरू होते मूत्रपिंडात. तिथे पोचणाऱ्या रक्ताचा दाब कमी पडला किंवा अंगातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड रेनिन नावाचा पदार्थ सोडतं. यकृतात तयार झालेलं अँजिओटेन्सिनोजेन रक्तात फिरतच असतं. रेनिन त्याचा एक तुकडा तोडतं, तो अँजिओटेन्सिन-१. दहा अमिनो आम्लांचा हा तुकडा स्वतः फारसं काही करत नाही. मग रक्तवाहिन्यांच्या, विशेषतः फुप्फुसातल्या वाहिन्यांच्या, अस्तरावरचं एसीई नावाचं एन्झाइम त्याची टोकाची दोन अमिनो आम्लं कापतं. उरलेलं आठांचं अँजिओटेन्सिन-२ मात्र जबरदस्त हार्मोन आहे. ते वाहिन्या आवळतं, तहान लावतं आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं. अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. जुलाबाने गळून गेलेल्या माणसाचा दाब सावरायला ही साखळी हवीच. पंचाईत होते ती गरज नसताना ती तशीच चालू राहिली की.

हे सगळं उलगडायला जवळपास साठ वर्षं गेली. १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांचा रक्तदाब चढला. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन म्हटलं. मग बराच काळ त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळून कायमचं बीपी निर्माण करून दाखवलं, आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा मूत्रपिंडाकडे वळलं. पुढे ब्युनोस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांना जवळपास एकाच वेळी तो वाहिन्या आवळणारा पदार्थ सापडला, आणि १९५० च्या दशकात लिओनार्ड स्केग्ज यांनी एसीई शोधलं.

आता दोन गोळ्या, म्हणजे नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली आणि 'सार्टन' असलेली, कुठे बसतात ते पाहू. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने येतं. तिथला पंप बंद केला तर पाणी येणारच नाही, ही झाली प्रिलची पद्धत. घरातली तोटी बंद केली तर पाइपात पाणी भरलेलं राहील, उलट दाब वाढेल, पण बादलीत पडणार नाही, ही सार्टनची. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या गोळ्या एसीईला अडवतात, त्यामुळे अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं. लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, वाल्सार्टन त्याला तयार होऊ देतात, पण ज्या एटी-१ रिसेप्टरवर बसून ते काम करतं ती जागाच अडवून धरतात. सार्टन घेणाऱ्याच्या रक्तात अँजिओटेन्सिन-२ मोजलं तर ते वाढलेलंच सापडतं, आणि तरीही दाब उतरलेला असतो.

एसीईला मात्र आणखी एक काम असतं, आणि सगळी मेख तिथे आहे. हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकतं. ब्रॅडिकायनिन वाहिन्या सैल करतं, आणि ऊतींना सूज आणू शकतं, श्वासनलिकेतल्या नसांना चेतवू शकतं. प्रिल गटाचा जन्मच मुळी ब्रॅडिकायनिनच्या अभ्यासातून झाला. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारं काहीतरी आहे, हे सर्जिओ फरेरा यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. ते पुढे लंडनला जॉन व्हेन यांच्याकडे तो अर्क घेऊन गेले, आणि तो अर्क एसीईलाच अडवतो हे तिथे स्पष्ट झालं. स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल घडवलं. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. पहिलं सार्टन, लोसार्टन, १९९५ चं. सार्टन एसीईच्या वाटेला जात नाही, म्हणून ब्रॅडिकायनिनही साचत नाही.

याचा अर्थ घरात कसा दिसतो? रामबागेतल्या एक काकू खोकल्याचं सिरप पुन्हा पुन्हा न्यायला लागल्या. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव आणि रात्री आडवं पडलं की ढास. कूलरला दोष देऊन झाला होता, दही बंद झालं होतं, छातीचा एक्स-रेही स्वच्छ आला होता.

"काकू, बीपीची गोळी एवढ्यात बदलली का हो?"

"अगं, बदलली कुठे? सुरूच दिवाळीनंतर झालीय. तिचा काय संबंध?"

पर्समधून रबरबँड लावलेले पत्ते निघाले. वरचाच रामिप्रिल ५. मी त्यांना एका चिठ्ठीवर लिहून दिलं: "हा खोकला या गोळीचा असू शकतो का, एवढं डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली, आणि पुढच्या काही आठवड्यांत ढास हळूहळू थांबली. हा खोकला गोळी सुरू केल्याच्या आठवड्यात येतो किंवा कित्येक महिन्यांनीही येतो, म्हणूनच संशय गोळीवर जात नाही. बायकांना तो जास्त होतो. डोस कमी करून जात नाही, सिरपने तर नाहीच. गोळी थांबल्यावर साधारण १ ते ४ आठवड्यांत जातो, क्वचित ३ महिनेही घेतो. आणि सर्दी-खोकल्याच्या काही सिरपांत फिनाइलेफ्रिनसारखं औषध असतं, ते बीपी वाढवतं. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर घेतलेलं औषध त्याच गोळीचं काम बिघडवतं. हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण एका प्रश्नाने ते टळतं.

खोकला त्रासदायक असतो, जीवघेणा नसतो. ओठ, जीभ, घसा अचानक सुजणं मात्र जीवघेणं ठरू शकतं. प्रिलवर ते क्वचितच होतं, सार्टनवर त्याहूनही क्वचित. झालं तर उद्याची वाट पाहायची नाही, तडक इमर्जन्सी गाठायची, आणि त्या माणसाने जन्मात पुन्हा प्रिल घ्यायची नाही.

मग प्रिल हवीच कशाला, असं कुणीही विचारेल. तिच्यामागे पुराव्याची ताकद मोठी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या अभ्यासात ९,२९७ जास्त जोखमीचे रुग्ण होते. रामिप्रिलने त्यांच्यातले हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले. २००८ च्या 'ऑनटार्गेट'मध्ये तर २५,६२० लोकांवर रामिप्रिल, टेल्मिसार्टन आणि दोन्ही एकत्र, अशी थेट तुलना झाली. हृदयाच्या संरक्षणात दोन्ही बरोबरीच्या ठरल्या. खोकल्यामुळे गोळी सोडणारे रामिप्रिलवर ४.२ टक्के, टेल्मिसार्टनवर १.१ टक्के. आणि एकत्र घेणाऱ्यांना जास्तीचा फायदा काहीच नाही. दाब फार उतरणं, चक्कर, मूत्रपिंडाचा बिघाड हे मात्र वाढलं. म्हणून घरात जुनी प्रिल शिल्लक आहे आणि डॉक्टरांनी सार्टन लिहून दिली आहे, तर जुनी संपवून टाकू म्हणून दोन्ही गिळू नका.

फरक एवढाच सांगून थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल, कारण धोक्याच्या बाबतीत या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींमुळे अल्डोस्टेरॉन कमी होतं, म्हणून रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून लोक हौसेने 'लो सोडियम' मीठ आणतात. त्यात सोडियमची काही जागा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते. ज्याचं मूत्रपिंड आधीच थकलेलं आहे आणि जो प्रिल किंवा सार्टन घेतो, त्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रोजच्या नारळपाण्याचंही तेच. पोह्यांवर जीरावन कमी भुरभुरवणं हा त्याहून साधा उपाय, जरी इंदूरकराला तो जड जातो. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात ते याचसाठी. क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढलं, साधारण ३० टक्क्यांपर्यंत, तर डॉक्टर सहसा गोळी बंद करत नाहीत. मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असते.

गरोदरपणात दोन्ही वर्ज्य, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. मूल हवं असेल तर आधीच सांगून लॅबेटालॉल किंवा मिथिलडोपासारखं औषध बदलून घ्यायचं. मे महिन्यात उलट्या-जुलाब लागले तर गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची, हे फोन करून विचारायचं. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक मागणाऱ्यांना मी आधी बीपीचा पत्ता दाखवायला सांगते. गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध, मिसळलेलं असतं. सार्टन किंवा प्रिल, ते औषध आणि डायक्लोफेनॅक हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार महाग पडतं. 'एएम' म्हणजे सोबत अम्लोडिपिन, हे बीपीचं आणखी एक औषध. त्याने पाय सुजतात, पण सोबत प्रिल किंवा सार्टन असली तर ती सूज कमी राहते.

हृदय कमजोर झालेल्यांना हल्ली सॅक्युबिट्रिल असलेली गोळी लिहून दिली जाते. नावाच्या शेवटी 'ट्रिल' आहे, 'प्रिल' नाही, आणि हे औषध नेप्रिलायसिन या दुसऱ्याच एन्झाइमला अडवतं. पण नेप्रिलायसिनसुद्धा ब्रॅडिकायनिन मोडतं. त्याला आणि एसीईला एकाच वेळी अडवलं तर ब्रॅडिकायनिन मोडणारे दोन मोठे रस्ते बंद होतात आणि घसा सुजण्याचा धोका वाढतो. म्हणून त्या गोळीत सॅक्युबिट्रिलची जोडी वाल्सार्टनशी लावलेली आहे, आणि रामिप्रिलवरून तिच्यावर यायचं असेल तर शेवटच्या रामिप्रिलनंतर ३६ तास जाऊ द्यावे लागतात.